नेशन्स कप : दुसऱ्या फळीच्या रग्बी संघांची शिडी की पांजरपोळ?

रानवारा | शनिवार, २२:१०

मंडळी, क्रिकेट सोडून भलत्याच खेळावर धागा काढतोय, सांभाळून घ्या.

नोकरीच्या निमित्ताने चार वर्षं बुखारेस्टला होतो. तिथेही पॅरिससारखी एक विजयकमान आहे आणि तिच्या शेजारीच रग्बीचं छोटं मैदान. जून २०१५ मध्ये ऑफिसातला एक रोमानियन मित्र म्हणाला, चल, मॅच बघायला जाऊ. मला वाटलं एक मॅच. गेलो तर एका तिकिटात दोन! एकाच मैदानावर पाठोपाठ दोन सामने, असे तीन दिवस, आणि संघ चारच: रोमानिया, स्पेन, नामिबिया आणि अर्जेंटिनाचा दुसरा संघ. याचं नाव नेशन्स कप.

पहिल्या सामन्यातले नामिबियाचे खेळाडू अंघोळ करून स्लिपरा घालून आमच्याच स्टँडात येऊन बसले. एकाच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी सेलोटेपने गुंडाळलेली. शेजारचे रोमानियन आजोबा सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होते, त्यांनी पिशवी त्याच्यापुढे धरली. त्याने मूठभर घेतल्या आणि सालासकट चावल्या. आजोबांनी कपाळाला हात लावला आणि बी दातात धरून सोलायची कशी हे त्याला दोनदा करून दाखवलं. स्कोअर विसरलो, हे आठवतंय.

स्पर्धा २००६ ला लिस्बनमध्ये सुरू झाली, मग बरीच वर्षं बुखारेस्टला, शेवटी उरुग्वेच्या मोंतेविदेओला. २०१२, १३, १५ आणि १६ असा चार वेळा कप रोमानियाने घेतला. आता २०२६ पासून नेशन्स कप याच नावाने नवी, मोठी स्पर्धा आहे. वरच्या १२ संघांची वेगळी नेशन्स चॅम्पियनशिप आणि खालच्या १२ संघांचा हा कप. म्हणजे जॉर्जिया, पोर्तुगाल, स्पेन, रोमानिया, उरुग्वे, चिली, अमेरिका, कॅनडा, टोंगा, सामोआ, हाँगकाँग आणि झिंबाब्वे.

प्रश्न असा: अशा स्पर्धांमुळे छोटे संघ खरंच वर चढतात, की "तुम्ही इकडे खेळा हं बाळांनो" म्हणून त्यांना अंगणात बसवायची ही सोय आहे?

चहाबाज | शनिवार, २२:१८

पहिला! (बाकी रग्बीतलं मला राहुल बोसपलीकडे काही माहीत नाही.)

गुगली | शनिवार, २२:४१

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हरणाऱ्यांची स्पर्धा भरवून कोणी जिंकायला शिकत नाही. २००३ च्या वर्ल्डकपला ॲडलेडमध्ये ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२-० धुतलं होतं. एकशे बेचाळीस! आणि तुमचा चार वेळचा विजेता रोमानिया? २०२३ च्या वर्ल्डकपला स्कॉटलंडकडून ८४-०, दक्षिण आफ्रिकेकडून ७६-०. कुठल्या शिडीबद्दल बोलताय?

मृण्मयी_ठाणे | शनिवार, २३:०५

एक बाळबोध प्रश्न. रग्बी म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना? आणि पुढे जायचंय तर बॉल मागे का फेकतात?

पेठेतला | शनिवार, २३:१२

ताई, मागे फेकून पुढे जाणं हे सरकारी कामकाज आहे. रग्बीने ते उचललं.

जिमखाना_जुना | शनिवार, २३:५०

मृण्मयी, हेल्मेटवालं ते अमेरिकन फुटबॉल. आमच्यात फार तर कानाला पट्टी. हातातला बॉल पुढे टाकायचा नाही, मागे किंवा बाजूला द्यायचा. पुढे न्यायचा तर घेऊन पळायचं किंवा लाथ मारायची. पलीकडच्या रेषेपार जाऊन बॉल जमिनीला टेकवला की 'ट्राय', पाच गुण. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात टेकवण्याला एकही गुण नव्हता. टेकवलात की खांबांमधून बॉल मारायचा 'प्रयत्न' करायचा हक्क मिळायचा, म्हणून ते नाव. आज त्या किकचे दोन.

आता माझी ओळख. वय बासष्ट, दोन्ही गुडघे रग्बीला अर्पण. आझाद मैदानालगतच्या जिमखान्यावर मुंबईच्या पावसात खेळलोय. त्या चिखलात पंधरा मिनिटांनी दोन्ही संघांच्या जर्सीचा रंग एक व्हायचा. मी प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला. आठ विरुद्ध आठ माणसं डोकी अडकवून रेटतात, त्यात सगळ्यात पुढे. समोरच्याचा कान तुमच्या कानाला घासतो, मागच्यांचं सगळं वजन पाठीच्या कण्यातून जातं, आणि बॉल कुठाय हे तुम्हाला अजिबात दिसत नाही. पहिल्याच स्क्रमला कळतं की आज दिवस कोणाचा आहे.

म्हणून गुगलीसाहेब, १४२-० चा आकडा फेकणं सोपं आहे. त्याच नामिबियाने २०१० ला बुखारेस्टमध्ये हाच नेशन्स कप जिंकला. तळाच्या संघाला आपल्या तोडीचा स्क्रम वर्षातून तीन-चारदा तरी मिळायला हवा. पन्नास गुणांनी हरताना माणूस फक्त पळायला शिकतो.

गुगली | रविवार, ००:२०

काका, आदर आहेच. पण २०१० ला कप जिंकलेल्या नामिबियाने वर्ल्डकपमध्ये आजवर किती सामने जिंकले? शून्य. २०२३ ला उरुग्वेला हरवायची संधी होती, तीही ३६-२६ ने गेली.

चहाबाज | रविवार, ००:२४

हे वाचून झोपायला जातोय. स्वप्नात प्रॉप येणार.

लाल_माती | रविवार, ०८:१५

काका, स्क्रमचं वर्णन लई भारी! आमच्या तालमीत वस्ताद सांगायचे, मान मोडली तर कुस्ती मोडली. सकाळी मानेवर पोरगं बसवून बैठका काढायला लावायचे. मागं एक जॉर्जियाचा प्रॉप टीव्हीवर बघितला. मान न्हाय ती, डोक्याखाली सरळ खांदाच. म्हटलं ह्यो मातीतला हाय. खरं का?

आणि आमच्या कोल्हापूरकडच्या पोरी पण रग्बी खेळत्यात बरं का, भारताच्या संघापर्यंत गेल्यात.

जिमखाना_जुना | रविवार, ०९:४०

लाल_माती, अगदी खरं. जॉर्जियात कुस्ती घराघरात, आणि तिथली बरीच पोरं कुस्ती करूनच रग्बीत येतात. फ्रान्सचे क्लब जॉर्जियन प्रॉप शोधत फिरतात.

शिवाय त्यांचा स्वतःचा जुना खेळ आहे, लेलो बुर्ती. गुरिया भागात शुखुती नावाचं गाव आहे. तिथे ईस्टरला वरची आळी विरुद्ध खालची आळी. सोळा किलोचा चामड्याचा चेंडू, आत माती भरलेली आणि वरून वाइन ओतलेली. अख्खं गाव त्यावर तुटून पडतं. आपापल्या बाजूच्या ओढ्यापलीकडे चेंडू नेला की जिंकलं. मग तो चेंडू त्या वर्षी गेलेल्या कुणा गावकऱ्याच्या थडग्यावर नेऊन ठेवतात. जॉर्जियाच्या संघाला 'लेलोज' म्हणतात ते यावरून.

तिबिलिसीची_आई | रविवार, १०:३०

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा. माझी मुलगी तिबिलिसीला, म्हणजे जॉर्जियाच्या राजधानीत, एमबीबीएसला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्री तिचा फोन, मागे नुसता गाड्यांच्या हॉर्नचा कल्लोळ. माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं दंगल वगैरे झाली की काय. तर म्हणाली, "अगं, रग्बीत यांनी वेल्सला हरवलं." घरमालकीणबाई जिन्यात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला घरची वाइन पाजत होत्या. हिची दुसऱ्या दिवशी ॲनाटॉमीची परीक्षा! मी विचारलं, तू घेतलीस का? तर फोन कट. 🙂

रानवारा | रविवार, ११:०२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! तिबिलिसीची आई, धाग्यावर स्वागत. तो सामना कार्डिफला होता, १३-१२. त्याच वर्षी जुलैत जॉर्जियाने बातुमीला इटलीलाही २८-१९ ने हरवलं होतं.

आणि तरीही सिक्स नेशन्सचं, म्हणजे युरोपातल्या वरच्या सहा संघांच्या स्पर्धेचं, दार बंद! इटली २००० साली आत गेला, तेव्हापासून वर-खाली जाण्याची भानगडच नाही. खालच्या युरोपियन स्पर्धेत जॉर्जिया २०१८ ते २०२५ सलग आठ वेळा पहिला. वर्गात आठ वर्षं पहिला नंबर आणि वरच्या वर्गाचे सर म्हणतात, बेंच शिल्लक नाही.

पेठेतला | रविवार, ११:१५

बेंच शिल्लक नाही असं नाही. बेंच खानदानी आहे.

मेपलची_पानं | रविवार, २०:४५

कॅनडातून. उलट्या दिशेचा अनुभव सांगते. १९९१ च्या वर्ल्डकपला कॅनडा उपांत्यपूर्व फेरीत होता, आणि २०२३ च्या वर्ल्डकपला पात्रही ठरला नाही. आधी अमेरिकेकडून हरले, मग चिलीकडून. चिली त्यानंतर अमेरिकेलाही हरवून पहिल्यांदाच वर्ल्डकपला गेला. म्हणजे शिडी असेल तर ती दोन्हीकडून वापरात आहे. आमच्या गल्लीत हॉकीपुढे रग्बीला कोणी विचारत नाही, त्यामुळे आम्ही खाली आलो हेही कोणाला कळलं नाही.

पेठेतला | रविवार, २१:०३

स्पेनचा किस्सा कोणीच कसा काढला नाही? ही खरी मराठी माणसाला कळणारी गोष्ट.

२०१८ साली स्पेनला वर्ल्डकपला जायला बेल्जियमला फक्त हरवायचं होतं. ब्रसेल्सला १८-१० ने हरले. रेफरी कोण? रोमानियाचा. आणि स्पेन हरला की जागा कोणाला? रोमानियाला! स्पॅनिश खेळाडू सामना संपल्यावर रेफरीच्या मागे धावले. पुढे चौकशी झाली तर निष्पन्न काय, की स्पेन, बेल्जियम आणि रोमानिया तिघांनीही नियमात न बसणारे खेळाडू खेळवले होते. तिघांचेही गुण कापले आणि जागा मिळाली रशियाला, ज्याने काहीच केलं नव्हतं.

चार वर्षांनी स्पेन पुन्हा पात्र ठरला. पुन्हा गुण कापले. कारण? एका खेळाडूच्या पासपोर्टच्या झेरॉक्समध्ये फेरफार. या वेळी जागा कोणाला? रोमानियाला! एवढ्या खस्ता खाऊन आत गेले आणि मग ते ८४-०.

आमच्या वेळी रेशन कार्डाची झेरॉक्ससुद्धा साक्षांकित लागायची. स्पेनने एखादा राजपत्रित अधिकारी गाठायला हवा होता.

चहाबाज | रविवार, २१:०९

'मूळ प्रत सोबत आणावी' 😂😂

जिमखाना_जुना | रविवार, २२:३०

हसून झालं असेल तर मूळ मुद्दा. रानवारा, तुझ्या प्रश्नात एक गृहीतक आहे, की छोटे संघ खेळ कच्चा म्हणून छोटे आहेत. रोमानियाचंच बघ. १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ (संघ तीनच होते, पण पदक ते पदक). डिसेंबर १९८८ मध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला १५-९ ने हरवलं. फ्रान्सला तर अनेकदा. हे जमत होतं कारण खेळाडू पगारावर होते. स्तेआउआ सैन्याचा क्लब, दिनामो गृहखात्याचा, ग्रिवित्सा रेल्वे कामगारांचा. ओळखीचं वाटतंय ना? आपले कबड्डीपटू रेल्वे, पोलीस आणि सेनादलात असतात तसंच.

१९८९ च्या क्रांतीत हे सगळं कोसळलं. संघाचा फ्लोरिका मुरारियू लष्करात अधिकारी होता, तो त्या गोळीबारात गेला. पुढच्या काही वर्षांत पैसा आटला, चांगले खेळाडू फ्रान्सला गेले. आणि १९९५ ला रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाला. म्हणजे जगात पैसा यायला लागला त्याच वेळी यांचा संपला. वर्षाला तीन सामन्यांच्या कपने ते कसं भरून निघणार?

दुसरं, दौऱ्यांचं अर्थकारण. घरच्या सामन्याच्या तिकिटांचा पैसा यजमानाचा. म्हणून मोठे संघ छोट्यांना स्वतःच्या घरी बोलावतात, त्यांच्याकडे जात नाहीत. न्यूझीलंडच्या संघात सामोआच्या रक्ताची किती मुलं खेळली! पण ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचाच संघ) सामोआला पहिला कसोटी सामना खेळायला गेले जुलै २०१५ मध्ये. तोपर्यंत शेजारी असून एकदाही नाही. आपल्याकडे म्हणतात तसं, जेवायला या म्हणायचं आणि पत्ता द्यायचा नाही.

मृण्मयी_ठाणे | रविवार, २२:४४

काका, हा प्रतिसाद कॉपी करून ठेवला. बाकी टीमची नावं फार गोड असतात का? नवरा म्हणाला रोमानियाला 'ओक वृक्ष' म्हणतात.

रानवारा | रविवार, २३:१०

हो, स्तेजारी म्हणजे ओक. पोर्तुगाल लांडगे, चिली गिधाडं (काँडोर हो, साधी नव्हेत), झिंबाब्वे सेबल हरणं, नामिबिया वेल्विट्शिया नावाची वाळवंटी वनस्पती. आणि उरुग्वे 'तेरोस'. तेरो म्हणजे तिकडची टिटवी. घरट्याजवळ कोणी आलं की अंगावर धावून जाते.

लाल_माती | सोमवार, ०७:५०

टिटवी?? आमच्याकडं रानात टिटवी वरडली की म्हातारी थुंकती. आणि यांनी छातीवर लावली!

रानवारा | सोमवार, ०९:२५

तीच टिटवी माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. नेशन्स कप मोंतेविदेओला गेल्यावर उरुग्वेने तो २०१७, १८ आणि १९ असा लागोपाठ तीनदा जिंकला. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर. मग सप्टेंबर २०१९ ला जपानमध्ये वर्ल्डकप. कामाइशी गावात, २०११ च्या त्सुनामीत वाहून गेलेल्या शाळांच्या जागेवर बांधलेलं मैदान. समोर फिजी, म्हणजे अंगापिंडाने दीडपट. उरुग्वे ३०-२७ ने जिंकला! कर्णधार गामिनारा मुलाखत देताना रडत होता. मी तो सामना ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइलवर बघितला, डाळ गार झाली.

पेठेतला | सोमवार, ०९:४०

फिजी म्हणजे सगळा समुद्रच. टिटवी देखील समुद्र आटविते, हे आपले पूर्वज उगाच नाही सांगून गेले.

गुगली | सोमवार, १३:१५

ठीक, उरुग्वेचं मान्य. अर्धी माघार. क्रिकेटमध्ये हे मी स्वतः बघितलंय. अफगाणिस्तान २००८ ला जर्सी बेटावर पाचव्या डिव्हिजनमध्ये खेळत होता, २०१७ ला कसोटी दर्जा. प्रत्येक पायरी मोजून चढले. म्हणजे शिडी असू शकते.

पण मग त्याच आयसीसीने २०१९ चा वर्ल्डकप दहा संघांचा केला. खालून चढायला दिलं आणि वरची गच्ची लहान केली. रग्बीवाले निदान २०२७ ला ऑस्ट्रेलियात २४ संघ करताहेत. याबाबतीत ते बरे, हे क्रिकेटवाल्याने लिहिताना त्रास होतोय.

मेपलची_पानं | सोमवार, १९:३०

एक तांत्रिक तक्रार. जुन्या नेशन्स कपमध्ये अर्ध्या वेळा समोर 'इमर्जिंग आयर्लंड', 'स्कॉटलंड ए', 'अर्जेंटिना जॅग्वार्स' असले संघ असायचे. २०१४ चा कप तर इमर्जिंग आयर्लंडनेच नेला. रोमानिया पूर्ण ताकदीने खेळणार आणि समोरचे आपली पोरं तपासून बघणार. जिंकलं तरी जागतिक क्रमवारीत शून्य गुण, कारण समोर राष्ट्रीय संघच नाही. दुसऱ्याच्या पोराची परीक्षा आपल्या घरात! नव्या कपमध्ये बाराही खरे राष्ट्रीय संघ आहेत, हा मला मोठा फरक वाटतो.

जिमखाना_जुना | सोमवार, २१:२०

मेपल, नेमकं. पण अजून एक बघा. गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या फळीतून पहिल्या बारात गेले कोण? जपान आणि फिजी. जपानने २०१५ ला ब्रायटनमध्ये दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ ने हरवलं ते थोर आहेच, पण जपानमागे कंपन्यांची लीग आहे, बाजारपेठ आहे. फिजीला २०२२ पासून सुपर रग्बीत, म्हणजे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या क्लब लीगमध्ये, स्वतःचा संघ मिळाला, दर आठवड्याला तगडे सामने. दोघांनाही कुठल्या कपने वर नेलं नाही. पोर्तुगालने २०२३ ला तुलूझमध्ये त्याच फिजीला २४-२३ ने हरवलं, पण पोर्तुगाल खालीच.

नव्या रचनेत वर-खाली जाण्याची सोय २०३० पासून होणार म्हणतात. तोपर्यंत कप जिंकणाऱ्याला काय? कप.

चहाबाज | सोमवार, २१:२६

अवांतर: आपला भारत कुठल्या फळीत?

जिमखाना_जुना | सोमवार, २२:०५

फळ्या संपल्या की जमीन लागते, तिथे. पंधरा जणांच्या खेळात आपण आशियाच्या खालच्या गटांत. पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ चा. मुलींनी २०१९ ला मनिलात सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, तो त्यांचा पंधरा जणांच्या खेळातला पहिला विजय. सध्या जोर सातजणांच्या रग्बीवर. २०२५ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याची लीगही झाली.

आणि गंमत बघा. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कपासाठी खेळतात तो कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ ला बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे २७० रुपये काढून, वितळवून तो घडवला. नागाच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. जगातल्या सगळ्यात जुन्या आंतरराष्ट्रीय रग्बी लढतीचा कप आपल्या रुपयांचा, आणि आपण जमिनीवर.

पेठेतला | सोमवार, २२:११

कोहिनूरच्या यादीत हाही घाला.

तिबिलिसीची_आई | मंगळवार, १४:००

मुलीला हा धागा पाठवला. ती म्हणते, तिथल्या मित्रांना शिडी-बिडी काही नको, त्यांना फक्त दरवर्षी एकदा इंग्लंड किंवा फ्रान्स तिबिलिसीत यायला हवेत. मैदान भरून दाखवतो म्हणाले. आणि हो, त्या रात्री वाइन घेतली होती म्हणे. पेपर चांगला गेला.

रानवारा | मंगळवार, २१:३०

भापो (भावना पोचल्या). 🙂 जिमखानाकाका, तुमच्या २०३० वाल्या मुद्द्यापुढे माझी शिडी जरा डुगडुगली, कबूल. पण मला अजूनही ते बियावाले आजोबा आठवतात. दुसऱ्या सामन्यात रोमानियाने स्क्रमला नुसतं रेटत नेलं तेव्हा ते उठून उभे राहिले आणि माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा पडला होता. त्यांनी १९८८ चा कार्डिफचा सामना रेडिओवर ऐकला होता, असं मित्राने भाषांतर करून सांगितलं. त्यांच्यासाठी तो कप दुसऱ्या फळीचा नव्हता.

लाल_माती | मंगळवार, २१:४४

रानवारा भावा, नवीन कपाच्या मॅची आपल्या वेळेनं किती वाजता असतील ते टाक की. तालमीत टीव्ही हाय. पोरांना जॉर्जियाच्या माना दाखवायच्यात.